गल्ल्याची किल्ली

एकच आकडा दोन्ही बाजूंनी ओढला जातोय. सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरच्या बायकांपैकी कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायका २०१७-१८ साली २३.३ टक्के होत्या, २०२३-२४ साली त्या ४१.७ टक्के झाल्या. आणि काम करणाऱ्या बायकांपैकी ६७.४ टक्के 'स्वयंरोजगारित' निघाल्या. झालं. एका बाजूने ढोल वाजायला लागले की बाई आता नोकरी मागत नाही, धंदा काढते. दुसऱ्या बाजूने सुस्कारे निघाले की धंदा कसला, नोकऱ्या आटल्या म्हणून हाताला लागेल ते करताहेत बिचाऱ्या. मध्यंतरी बचत गटांच्या एका प्रदर्शनात ही दोन्ही भाषणं मी एकाच व्यासपीठावरून लागोपाठ ऐकली. समोर पापड-लोणच्यांच्या टेबलामागे चाळीसेक बायका बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मला दोन्ही भाषणं सारखीच आळशी वाटली. 'स्वखुशी की मजबुरी' हा प्रश्न छापा-काट्यासारखा उडवला की उत्तर सोपं मिळतं, पण कळत काहीच नाही. माझं म्हणणं असं आहे: बहुतेक बायका स्वतःचं काम धरतात, कारण नोकरीने त्यांच्यापुढे ठेवलेला सौदाच वाईट असतो, आणि तो वाईट आहे हे त्यांनी नीट हिशोब करून ठरवलेलं असतं. मात्र डोक्यावर साहेब नाही एवढ्याने बाई मोकळी होत नाही. गल्ल्याची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, हे पाहिल्याशिवाय त्या धंद्याबद्दल काहीही बोलण्यात अर्थ नाही.

आधी तो आकडाच पाखडून घेऊ. त्या ६७.४ मधल्या ३६.७ टक्के बायका म्हणजे घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या मदतनीस. आपल्याकडे गल्लोगल्ली 'लक्ष्मी किराणा' असतं. लक्ष्मी सासूचं नाव असतं किंवा सुनेचं, आणि दुपारी दोन ते पाच, मालक जेवून पडलेले असताना, लक्ष्मीच गल्ल्यावर बसलेली असते. दुकानाचा परवाना, बँकेचं खातं आणि घाऊक व्यापाऱ्याची उधारी मात्र लक्ष्मीच्या नावावर नसते. तिला उद्योजिका म्हणणं ही थट्टा आहे. इथपर्यंत सुस्कारेवाले बरोबर आहेत, आणि ही वाढ मोठ्या प्रमाणात खेड्यांतली आहे हेही त्यांचं खरं. पण उरलेल्या ३०.७ टक्क्यांचं काय? स्वतःच्या हिशोबावर काम करणाऱ्या या बायकांचा वाटा २०१७-१८ साली २०.२ टक्के होता. तोही वाढलाय. त्यांना मदतनिसांच्या टोपलीत ढकलून मोकळं होता येणार नाही.

इथे मजबुरीचा मुद्दा येतो. चांगली नोकरी मिळाली असती तर यांनी धंदा काढला असता का? अनेकींनी नसता काढला. कबूल. पण हाच प्रश्न आपण पुरुषाला विचारतो का? एखादा माणूस तीस वर्षं एकाच कचेरीत खर्डेघाशी करतो, कारण गावाकडची जमीन तिघा भावांत वाटली गेली आणि दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं. त्याला कुणी 'तुमची नोकरी ही खरी निवड होती का?' असं विचारून भंडावत नाही. तो 'कमावता' असतो, विषय संपला. बाईची निवड तेवढी धुतल्या तांदळासारखी हवी, तिच्यात परिस्थितीचा एक खडा नको. समोर तीनच वाटा आहेत आणि त्यातली एक तिने डोकं चालवून धरली, तर तिला निवड का म्हणायचं नाही? त्यापेक्षा बाकीच्या दोन वाटा तिने का सोडल्या, हे विचारलेलं जास्त कामाचं.

याचं उत्तर शोधायला मी जुन्या गिरणगावात जाते. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. कांडी भरण्याच्या आणि सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्याच जास्त. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक चर्चेला आलं. त्याला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी एक गोष्ट कबूल केली होती: या रजेचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचं भलं जपणं हे आधी सरकारचं काम. कायदा १९२९ मध्ये झाला, देशातला तसला पहिला. भार मात्र मालकावरच राहिला. पुढे नवी यंत्रं आली, 'सुसूत्रीकरण' नावाची कपात आली आणि ती नेमकी बायकांच्या खात्यांवर कोसळली. रात्रपाळीला बायकांना बंदी होतीच. मालकाच्या वहीत बाई महाग आणि अडचणीची ठरत गेली. गिरण्यांच्या अखेरच्या दशकांपर्यंत त्या शेकड्याला चार-दोन उरल्या होत्या.

गिरणीतून बाई बाहेर पडली म्हणजे काय ती घरी जाऊन स्वस्थ बसली? त्याच चाळींत, दहा बाय बाराच्या खोल्यांत, खानावळी होत्या. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या गिरणीकामगारांना या बायका दोन वेळचं जेवण घालत. महिनाभर उधारीवर, पगार झाला की हिशोब. वाण्याचं बिल थकलं की गळ्यातलं मोडायचं किंवा सावकाराकडे जायचं. म्हणजे गिरणीने ज्यांना महाग म्हणून दूर ठेवलं, त्याच गिरणीचा कामगार बायका पोसत होत्या, आणि मालकाला त्यासाठी एक पै मोजावी लागत नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेऊन उभं केलं, तेव्हा कुठे सावकाराची मिठी सैल झाली. १९८२चा संप झाला आणि जेवणारेच गावी परतले, तेव्हा खानावळवालीचा धंदाही बसला. संपावर इतकं लिहिलं गेलं, पण बुडालेल्या खानावळींची उधारी कुणी मोजल्याचं माझ्या वाचनात नाही.

हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. उत्तम कायदा. पण कामगार विम्याच्या छत्राखाली नसलेल्या कंपन्यांत त्या रजेचा सगळा खर्च कंपनीनेच करायचा आहे. १९२८ साली भर सभागृहात मांडलेली गोष्ट जवळजवळ नव्वद वर्षांनीही आपण निम्मीच ऐकली. मग मुलाखतीत 'लग्न कधी?', 'मिस्टर काय करतात?' हे प्रश्न कुठून येतात? विचारणारा दुष्टच असतो असं नाही. तो वही उघडून बसलेला असतो, एवढंच.

आता वेळेकडे वळू, कारण कुठल्याही बाईला विचारा, पहिलं कारण तेच येईल. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची २८९ मिनिटं त्यात गेली. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. पावणेपाच तास घरात आधीच गहाण पडलेल्या माणसाला कचेरी म्हणते, सकाळी साडेनऊला अंगठा लाव आणि संध्याकाळी 'जरा थांबा' म्हटलं की थांब. अमेरिकेतल्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या अभ्यासातला एक धागा हाच: ज्या नोकऱ्या माणसाचा वेळ अधाशासारखा गिळतात त्याच जास्त पैसे देतात, आणि मूल झाल्यावर त्या नोकऱ्यांतून बाई मागे पडते. तिथे ही वकील-अधिकाऱ्यांची गोष्ट आहे. इथे ती बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या कारकून बाईचीही आहे.

पण 'धंद्यात वेळ आपल्या हातात असतो' हे मी जसंच्या तसं खपवून घेणार नाही, कारण मी शिलाईयंत्राच्या आवाजात वाढले. आई ब्लाऊज शिवायची, फॉल-पिको करायची. लग्नसराईत रात्री दहाला दार वाजायचं: 'ताई, उद्या सकाळीच नेसायचीय हो.' ताई नाही म्हणू शकायच्या नाहीत, कारण तिसऱ्या गल्लीत दुसऱ्या ताई होत्या. कचेरीतला साहेब सहाला सुटतो, गिऱ्हाईक सुटत नाही. शिवाय बाई घरीच असते म्हटल्यावर गॅस सिलिंडर तिनेच घ्यायचा, पाहुण्यांना चहा तिनेच टाकायचा आणि वर 'तू काय, घरीच असतेस' हे ऐकायचं. या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. धंद्याने ती २८९ मिनिटं कमी होत नाहीत. फक्त ती कधी खर्च करायची हे थोडंफार तिला ठरवता येतं. तापाने फणफणलेल्या मुलाशेजारी बसून काजं-बटणं करता येतात, कचेरीच्या फायली करता येत नाहीत. ज्याच्यावर ती पाळी आलीय त्यालाच या 'थोडंफार'चं मोल कळेल.

मात्र वेळेइतकंच वजनदार आणखी एक कारण आहे. ते बायका मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून भाषणांत येत नाही. पगाराचा आकडा घरभर ठाऊक असतो. एक तारखेला तो खात्यात पडतो, मोबाइल वाजतो आणि कुठल्या हप्त्यात किती जाणार हे आधीच ठरलेलं असतं. लग्नाच्या जाहिरातींत 'नोकरी करणारी वधू हवी' असं का असतं आणि 'स्वतःचा व्यवसाय असलेली' असं अभावानेच का असतं? नोकरीवाल्या सुनेची मिळकत आधी मोजता येते, तिच्यावर घराचं कर्ज काढता येतं. धंद्याचा आकडा मात्र रोज बदलतो आणि तो पहिल्यांदा बाईलाच कळतो. माझ्या आईच्या तांदळाच्या डब्यात तळाशी एक जुनी बटव्याची पिशवी असे. बाबा काही वाईट नव्हते. पण 'या महिन्यात किती झाले?' या प्रश्नाचं उत्तर देताना आई नेहमी चारेक ब्लाऊज विसरायची. माझ्या कॉलेजची पहिली फी त्या विसरलेल्या ब्लाऊजांतून भरली गेली. याला कुणी लबाडी म्हणेल. मी याला बँक म्हणते.

हे विसरणं किती जुनं असेल, याचा अंदाज कात्यायन स्मृतीतल्या एका वचनावरून येतो. बाईने शिल्पाने, म्हणजे हाताच्या कारागिरीने, मिळवलेल्या धनावर नवऱ्याचं स्वामित्व, आणि बाकीचं ते स्त्रीधन, असं ते वचन सांगतं. माहेरहून मिळालेला दागिना तिचा, पण स्वतःच्या बोटांनी कमावलेला पैसा तिचा नाही. असा नियम लिहून ठेवावा लागला, याचाच अर्थ बायका कमवत होत्या आणि कमाईवरून वाद होत होते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यातल्या १४व्या कलमाने बाईने आपल्या कौशल्याने आणि कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची ठरवली. कायदा बदलला, तांदळाचा डबा काही लगेच रिकामा झाला नाही.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. 'स्वयंरोजगार' हा शब्द मालकाच्या फार सोयीचा आहे. सोलापुरात बाई घरात बसून विडी वळते. पान आणि तंबाखू दुसऱ्याची, हजारी भाव दुसऱ्याने ठरवलेला, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे तिला नाहीत. १९६६च्या विडी कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं. तो चुकवायला पळवाट निघाली: पान-तंबाखू तिला 'विकल्याचं' दाखवायचं आणि विड्या तिच्याकडून 'विकत घेतल्याचं'. कागदावर बाई व्यापारी झाली, भविष्यनिर्वाह निधी वाचला. आजच्या मोबाइल अ‍ॅपवर घरोघरी जाऊन फेशियल-वॅक्सिंग करणारी मुलगी हीसुद्धा 'भागीदार' असते. दर कंपनीचा, गिऱ्हाईक कंपनीचं, आणि गिऱ्हाइकांनी दिलेले तारे कमी पडले की काम बंद. २०२१च्या ऑक्टोबरात गुरुग्राममध्ये अर्बन कंपनीच्या दाराशी अशा भागीदार बायका निदर्शनं करत बसल्या होत्या. कुठल्या धंद्यात भागीदाराला भागीदाराच्या दाराशी असं बसावं लागतं?

हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. विडीवालीची फसवणूक झाली, ती स्वतःचं काम करते म्हणून नव्हे. ती स्वतःचं काम करते असं खोटं लिहिलं गेलं म्हणून. भाव ती ठरवत नाही, गिऱ्हाईक तिला दिसत नाही, गल्ला तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिला कामगाराचे सगळे हक्क मिळायलाच हवेत. पण तिच्या नावाने भाजीवालीलाही 'खरं तर तू बेरोजगार आहेस' असं सांगणं हा कुठला न्याय? १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही स्वतःचं काम करणाऱ्या बायकांची संघटना कामगार संघ म्हणून नोंदवायला नेली, तेव्हा सरकारी खात्याची अडचण हीच होती की तुम्हाला मालकच नाही, मग भांडणार कुणाशी? भट्ट यांचं म्हणणं होतं, संघ हा कुणाच्या विरोधात असावाच लागतो असं नाही, तो काम करणाऱ्यांच्या एकीसाठी असतो. त्या बायकांना 'असंघटित' म्हणण्याऐवजी त्यांनी 'स्वाश्रयी' हा शब्द निवडला. दोनच वर्षांत त्याच बायकांनी स्वतःची सहकारी बँक उभी केली.

गल्ला सामायिकही असू शकतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, ती 'लिज्जत'ची सुरुवात. आजही भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, सवडीने लाटायचं आणि वाळलेले पापड परत द्यायचे अशीच रीत आहे. वरवर पाहिलं तर विडी वळणारीसारखंच घरबसलं, नगावर मिळणारं काम. फरक एवढाच की लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सभासद असते, आणि नफा-तोटा वाटून घेतला जातो.

ढोलवाल्यांनाही थोडं ऐकवायचं आहे. त्यांच्या लेखी सगळ्यावर औषध एकच: कर्ज. मुद्रा योजनेतली बहुसंख्य कर्जखाती बायकांच्या नावावर आहेत हे ते अभिमानाने सांगतात. त्यातली बरीचशी पन्नास हजारांच्या आतली असतात हे सांगत नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली, तिच्या मुळाशी एका लोहारकाम करणाऱ्या बाईची मागणी होती. तिला कर्ज नको होतं. पावसाळ्याआधी डोक्यावर छत म्हणून घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी रोजचे थोडे पैसे कुठेतरी सुरक्षित ठेवायचे होते आणि बँका तिचं खातं उघडत नव्हत्या. पुढे रिझर्व्ह बँकेने बायका निरक्षर म्हणून परवाना नाकारला, तर त्या अक्षरं शिकल्या आणि व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. १९९७ साली बँक उभी राहिली. आधी गल्ला, मग कर्ज, हा क्रम त्या बाईला कळला होता. आमच्या मंडईत बायका चौदा तास बसतात आणि स्वच्छतागृह लांब म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यांना उद्योजिका पुरस्काराच्या शालीपेक्षा एक कडी लागणारं दार हवं असावं, असा माझा अंदाज आहे.

या वादातली एक गोष्ट मला विशेष खुपते. 'बाई धंद्यात उतरली' याचं नवल फक्त आपल्या पांढरपेशा घरांना वाटतं. कोळीवाड्यात पुरुष मासळी आणतो आणि बाजारात भाव कोळीण ठरवते, हे कधीपासून चाललंय? कासारीण, भाजीवाली, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण या काय गेल्या आठ मार्चला उगवल्या? आपण मात्र भाषेतच कुंपण घातलं. 'बाजारबसवी' ही शिवी आपल्या मराठीचीच. बाजारात बसलेली बाई म्हणजे वाईट चालीची, असं ज्या समाजाने शब्दातच गोठवलं, त्याच समाजाची नात आता इंस्टाग्रामवर साड्या विकते आणि आजीला सांगते, 'अगं, हे ऑनलाइन आहे.' बाजारात बसल्याचं कुणाला दिसत नाही, म्हणून चालून जातं.

आणि नोकरी विरुद्ध धंदा हा सामना तरी खरा आहे का? पुण्यातल्या आमच्या इमारतीत तीन बायका सकाळी साडेआठला कचेरीला निघतात. त्यांची पोरं पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या पाळणाघरात जातात, पोळ्या पलीकडच्या गल्लीतून येतात आणि दिवाळीचा फराळ एका मावशींकडून. एका बाईच्या पगाराखाली तीन बायकांचे धंदे विटांसारखे लागलेले आहेत, आणि त्यातली एक वीट सरकली तर पगार हलतो. काकू पूर्वी एका खासगी कंपनीत हिशोब लिहायच्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांना परत घेतलं नाही. आता दर मे महिन्यात त्या आठ दिवस कोकणात जातात. त्या आठवड्यात वरच्या तिघी आपापल्या साहेबांपुढे रजेचे अर्ज घेऊन उभ्या असतात. काकूंना अर्ज करावा लागत नाही. त्या दाराला एक चिठ्ठी चिकटवतात, 'सोमवारपर्यंत बंद', आणि कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकतात.